राय व्हिस्कीची महागडी बाटली: चव कशी घ्यावी आणि किंमत कशी जोखावी?

अनगोळकर (बेळगाव)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझा भाचा अमेरिकेहून आला आणि येताना त्याने माझ्यासाठी राय व्हिस्कीची एक बाटली आणली. तिकडे तिला करासह ८० डॉलर पडले असे तो म्हणतो, म्हणजे आपले जवळजवळ ७,००० रुपये. लेबलवर ‘स्ट्रेट राय’, ‘१० वर्षे’ आणि ‘१०० प्रूफ’ असे छापलेले आहे. माझी मजल आजवर साध्या स्कॉचपलीकडे गेलेली नाही. राय हे गव्हा-जवासारखे एक धान्य, पण ‘राय’ हा शब्द ऐकून सौभाग्यवतींनी ‘मोहरीची दारू करतात की काय?’ असे विचारले, तर शेजारच्या कन्नड मित्राला ती रागीची वाटली. दोघांचीही समजूत काढता काढता, मलाही या धान्याविषयी फारसे काही ठाऊक नाही हे माझ्या ध्यानात आले.

खानापूर रस्त्यावरच्या एका मित्राच्या मळ्यात आम्ही चौघांनी ती बाटली उघडली. सोबत संकेश्वरी मिरचीचे मटण होते, आणि व्हिस्की आम्ही नेहमीप्रमाणे बर्फ व सोडा घालून घेतली. खरे सांगायचे तर निराशा झाली. जिभेला चटका, घशात लवंग चावल्यासारखी तिखट धग आणि वासात काहीतरी हिरवट, थेट शेपूच्या भाजीची आठवण करून देणारे. एका मित्राने तिला खोकल्याचे औषध ठरवले आणि तो आपल्या नेहमीच्या ब्रँडकडे वळला.

आता निम्म्याहून थोडी अधिक बाटली शिल्लक आहे. दिवाळीला भाचा पुन्हा येणार असून ‘वर्गणी काढा, आणखी एक आणतो’ असे तो म्हणतो. वर्गणी काढण्यापूर्वी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. दोष आमच्या जिभेचा की बाटलीचा? आणि अशा बाटलीला ७,००० रुपये हा भाव योग्य आहे की नाही, हे आपल्यासारख्याने कशावरून ठरवावे?

कॅम्पवासी (बेळगाव)

अनगोळकर, रागावू नका, पण आपण त्या बाटलीची चव घेतलेलीच नाही. संकेश्वरी मिरचीने सुन्न झालेल्या जिभेवर ५० टक्के मद्यार्काची व्हिस्की ओतली, तर आगीत तेल ओतल्यासारखेच होणार. त्यात बर्फाने वास दाबला आणि सोड्याने उरलेली चव पातळ केली. आपल्या हाती राहिले ते फक्त तिखट.

बाटली निम्मी शिल्लक आहे हे उत्तम झाले. एखाद्या संध्याकाळी, जेवणापूर्वी, मी सांगतो त्या पद्धतीने तिच्याकडे पुन्हा पाहा. मसाल्याचे काही खाऊन किमान दोन तास झालेले असावेत. घरात उदबत्ती लावलेली नसावी, फोडणी चाललेली नसावी आणि हाताला अत्तर नसावे. खास ग्लास नसला तरी चालेल. पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा वाइनचा छोटा ग्लास घ्या. सरळ उभ्या भिंतींच्या ग्लासातून वास उडून जातो आणि नाकाशी फक्त मद्यार्काचा झणका उरतो. ग्लासात ३० मिलिलिटर ओतून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवा.

मग ग्लास नाकाच्या थोडा खाली धरून, तोंड किंचित उघडे ठेवून, हळूच वास घ्या. नाक ग्लासात खुपसू नका. पहिल्या घोटावरून कोणताही निवाडा करू नये, कारण तो केवळ जिभेला सावध करण्यासाठी असतो. दुसरा घोट लहान घ्या, तोंडभर फिरवा, गिळा, आणि मग मागे काय उरते व किती वेळ उरते याकडे लक्ष द्या. त्यानंतर पाणी घाला, पण मोजून. ५० टक्क्यांची ३० मिलिलिटर व्हिस्की ४० टक्क्यांवर आणायला साडेसात मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे चहाचे दीड चमचे. ते एकदम न घालता अर्ध्या अर्ध्या चमच्याने घालत जा आणि प्रत्येक वेळी वास घ्या. कोणत्या टप्प्यावर ती खुलते आणि कोणत्या टप्प्यानंतर पांचट लागते, हे आपल्याला स्वतःलाच कळेल. माझ्या अनुभवाप्रमाणे चांगली राय ४५ टक्क्यांच्या आसपास सर्वांत मोकळेपणाने बोलते, परंतु हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न आहे.

लवंगेविषयी एक गोष्ट सांगतो, कारण तो दोष नाही. रायच्या दाण्याच्या सालीत फेरुलिक आम्ल असते आणि धान्य आंबवताना त्यापासून लवंगेच्या जवळ जाणारे मसालेदार वास तयार होतात. ज्या ओकच्या पिंपात ही व्हिस्की मुरते, ते लाकूड भाजल्यावर त्यातून युजेनॉल येते, आणि लवंगेच्या तेलाचा मुख्य घटकही तोच आहे. म्हणजे आपल्याला लवंग आठवली ती उगाच नव्हे. आपले नाक चांगले आहे, मटणाची वेळ चुकली.

वखारीतला (निपाणी)

कॅम्पवासींनी चवीचे सांगितले, मी लेबलाविषयी लिहितो. आमचा पिढीजात धंदा तंबाखूचा. वखारीत बोद (तंबाखूचे गठ्ठे) फोडले की नुसत्या वासावरून पान कोणत्या बाजूचे आणि किती मुरलेले हे वडील सांगत असत. पण सौदा करताना ते वासावर थांबत नसत. माल कोणाच्या रानातला आणि मधे किती हात फिरला, हे विचारल्याशिवाय भाव बोलत नसत. व्हिस्कीच्या बाबतीतही मी हेच करतो.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ‘राय व्हिस्की’ म्हणवून घेण्यासाठी धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के राय असावी लागते आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल तर ती किमान दोन वर्षे मुरलेली असते. ‘१०० प्रूफ’ म्हणजे ५० टक्के मद्यार्क, कारण त्यांचा प्रूफचा आकडा टक्केवारीच्या दुप्पट असतो. याउलट कॅनडात ‘राय’ हा शब्द परंपरेने कोणत्याही कॅनेडियन व्हिस्कीला लावता येतो आणि तिच्यात रायचे प्रमाण किती असावे याचे बंधन नाही. त्यामुळे केवळ ‘राय’ या शब्दावर पैसे मोजू नयेत. तो कोणत्या देशाच्या लेबलावर आहे हे आधी पाहावे.

आता आपल्या शेपूकडे वळतो, कारण मला सर्वांत रस त्यातच वाटला. इंडियाना राज्यात लॉरेन्सबर्ग येथे पूर्वी सीग्रॅम या मद्यकंपनीची असलेली एक जुनी, प्रचंड डिस्टिलरी आहे. २०११ पासून ती एमजीपी या कंपनीकडे आहे. तिथे ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड बार्ली (मोड आणून वाळवलेले जव) अशा मिश्रणाची व्हिस्की तयार होते आणि ती घाऊक विकत घेऊन अनेक ब्रँड आपापल्या नावाने बाटलीत भरतात. त्या व्हिस्कीत शेपूचा वास येतो असे पुष्कळ जाणकार सांगतात आणि मलाही तो आलेला आहे. माझा तर्क असा की आपली बाटली तिथलीच असावी. मागचे लेबल भिंगाखाली धरून वाचा. ज्या राज्यात व्हिस्की गाळली ते राज्य बाटली भरणाऱ्याच्या पत्त्यातल्या राज्याहून वेगळे असेल, तर ते लेबलावर लिहावे लागते. ‘डिस्टिल्ड बाय’ असे न लिहिता फक्त ‘बॉटल्ड बाय’ लिहिलेले असेल, तर कान टवकारावेत.

यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. उत्तम पिंपे निवडून काढणे हीसुद्धा कला आहे आणि तिचे मोल असते. परंतु अशा बाटलीत आपण निवडीचे, वयाचे आणि नावाचे पैसे देतो, डिस्टिलरी उभारून धान्य शिजवण्याचे नव्हे. लेबलावर कुणा आजोबांच्या गुप्त पाककृतीची गोष्ट छापलेली असेल, तर तिची किंमत शून्य धरावी.

सुभेदार (निवृत्त), टिळकवाडी

चर्चा वाचून ज्ञानात भर पडली. सियाचीनपासून जैसलमेरपर्यंत सर्वत्र मी रमच घेतली आणि तिच्या मागच्या लेबलाला भिंग लावण्याची वेळ कधी आली नाही. सात हजारांत आमच्या गल्लीची दिवाळी होते. एवढेच विचारतो की, डोळे बांधून दिली तर आपल्यापैकी किती जण ती महागडी बाटली ओळखतील?

चोर्लामार्गे (खानापूर)

सुभेदारसाहेबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मी शेवटी येतो. आधी भावाविषयी लिहितो, कारण कामानिमित्त माझी गोव्याला सतत ये-जा असते आणि दोन्हीकडच्या दुकानांतले भाव मी पाहत असतो.

अनगोळकर, आपल्या भाच्याने बाटली सामानातून आणली. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणून आपल्याला ती अमेरिकेच्या भावात पडली. हीच बाटली आयातदारामार्फत आली असती तर काय झाले असते, याचा हिशेब करून पाहा. समजा, बंदरात तिची किंमत २,००० रुपये धरली. १५० टक्के आयातशुल्काने ती तिथेच ५,००० होते. त्यानंतर राज्याचा अबकारी कर, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांचा वाटा चढतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने हे शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले खरे, परंतु ती सवलत फक्त बर्बनसाठी होती. बर्बन म्हणजे किमान ५१ टक्के मका असलेली व्हिस्की. तशाच पिंपात, कित्येकदा त्याच डिस्टिलरीत, त्याच कामगारांनी तयार केलेली राय त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून ती सवलतीतून सुटली. कर्नाटकाने २०२४ मध्ये महागड्या मद्यावरचा अबकारी कर उतरवल्यामुळे गोवा आणि बेळगाव यांच्या भावांतले अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही, तरीही ते आहे. (घाटातून बाटल्या आणण्याचा विचार मनात असेल, तर मर्यादा व परवान्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. नाक्यावर वाद घालण्यात काही अर्थ नसतो.)

म्हणून माझे मत असे की आपल्याकडच्या दुकानातला भाव आणि व्हिस्कीची योग्यता यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे. मूळ देशातला भाव पाहावा आणि त्या भावात तिथे आणखी काय मिळते ते पाहावे. ८० डॉलरच्या बाटलीची तुलना स्कॉचशी न करता ३०-३५ डॉलरच्या ‘बॉटल्ड इन बाँड’ रायशी करावी. हा शिक्का १८९७ च्या कायद्यातून आला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली व्हिस्कीच तो लावू शकते. म्हणजे ताकद आपल्या बाटलीइतकीच, वय निम्म्याहून कमी, दामही निम्म्याहून कमी. प्रश्न एवढाच उरतो की वरच्या सहा वर्षांनी ४५-५० डॉलरांची भर घातली का?

इथे स्कॉचचा अनुभव दिशाभूल करतो. स्कॉच बहुधा एकदा वापरलेल्या पिंपात आणि थंड हवेत मुरते, म्हणून तिला वय मानवते. राय मात्र नव्या, जाळलेल्या लाकडात असते. व्हॅनिला, कॅरॅमल, नारळासारखा गोडवा हे सारे लवकर उतरते आणि पुढे पुढे कच्ची सुपारी चघळल्यासारखा लाकडाचा तुरटपणा वाढत जातो. दहा वर्षांची राय उत्कृष्ट असू शकते, तशीच ती नुसते लाकूडही असू शकते. वयाचा आकडा मोठा म्हणून भाव द्यायचा, हे मला पटत नाही.

आणि दूर कशाला जायचे? आपल्याच राज्यात बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने संपूर्ण माल्टेड रायपासून ४६ टक्क्यांची सिंगल माल्ट काढलेली आहे. १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केलेली ही कंपनी. आडनाव ऐकून आपल्या मंडळींना आपुलकी वाटते, पण चवीचा निवाडा आडनावावरून करू नये. तिची चव अमेरिकन रायपेक्षा वेगळी, भाजलेल्या पावाकडे व कोकोकडे झुकणारी आहे, कारण तिथे दाणा मोड आणून वापरतात. बेंगळुरूच्या हवेत पिंपातून वर्षाला १० ते १२ टक्के व्हिस्की उडून जाते, स्कॉटलंडमध्ये सुमारे २ टक्के. तेव्हा तिथल्या दहा वर्षांची अपेक्षा इथे धरणेच चूक आहे.

आता सुभेदारसाहेबांचा प्रश्न. डोळे बांधू नयेत, ग्लास बांधावेत. तीन सारखे ग्लास, तळाला चिठ्ठ्या, आणि ओतणारा पिणाऱ्यांत नसावा. माझ्याकडे बॉटल्ड इन बाँड राय निम्मी पडून आहे. अनगोळकरांनी एखाद्या रविवारी बोलावले, तर घेऊन येतो.

कॅम्पवासी (बेळगाव)

चोर्लामार्गे यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. वयाला इतके हलके लेखू नये. कोवळी राय घशाला ओरखडते आणि तिच्यातली हिरवट कडा चार वर्षांत पुरती जात नाही. गोदामाच्या खालच्या मजल्यावर, तुलनेने थंड जागी ठेवलेली पिंपे दहा वर्षांनंतरही तुरट होत नाहीत. पण तो मजला लेबलावर छापत नाहीत, हे मात्र मान्य करावे लागते.

अनगोळकर (बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी चोर्लामार्गे आले, सुभेदारसाहेबही आले, आणि मळ्यातल्या त्या चौघांपैकी आम्ही तिघे होतो. मटण नंतर ठेवले.

प्रथम वखारीतल्यांचा तर्क. भिंग लावून पाहिले. पुढे मोठ्या अक्षरात एका वेगळ्याच राज्यातले गाव आहे आणि मागे, बारकोडच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात ‘डिस्टिल्ड इन इंडियाना’. बाटली न पाहता केवळ शेपूवरून त्यांनी हे सांगितले, याचे आम्हा सर्वांना नवल वाटले.

सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरात तीन ग्लास भरले: माझी दहा वर्षांची राय, चोर्लामार्गे यांची चार वर्षांवरची, आणि तिसरी माझी नेहमीची स्कॉच. तिन्हींत त्यांनी चमच्याने मोजून पाणी घातले, जेणेकरून ताकदीवरून कुणाला ओळखता येऊ नये. स्कॉच पाचही जणांनी ओळखली. दोन रायमध्ये मात्र फाटाफूट झाली. आमच्यापैकी तिघांनी चार वर्षांची अधिक आवडल्याचे सांगितले, कारण ती जास्त टवटवीत, संत्र्याच्या सालीची आणि पुदिन्याची होती. मी आणि सुभेदारसाहेबांनी दहा वर्षांची उचलली. सुभेदारसाहेबांनी कारण दिले ते मला नेमके वाटले: चार वर्षांचीची चव गिळली की संपते, दहा वर्षांचीची बोलत राहते. मी घड्याळ लावले होते. तिसऱ्या मिनिटालाही जिभेवर लवंग, भाजलेला गूळ आणि शेवटी किंचित सुपारी होती. शेपू अजूनही आहे, पण पाण्यानंतर तो मागे सरकतो आणि मला तो आता खटकत नाही.

भावाचा हिशेब मी असा केला. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० चे २५ पेग होतात, म्हणजे एकेक २८० रुपयांना पडला. चार वर्षांची भाच्याकडून मागवली, तर पेग ११०-१२० रुपयांना पडेल. माझ्या जिभेला दोन्हींतला फरक कळतो, पण तो अडीचपट नाही. ५,००० रुपयांपर्यंत मी ही बाटली आनंदाने पुन्हा घेईन, ७,००० ला नाही. त्यामुळे दिवाळीला वर्गणी काढून चार वर्षांच्या रायच्या दोन बाटल्या मागवायचे ठरले आहे, आणि सुभेदारसाहेबांनी आपला वाटा आगाऊ दिलेला आहे.

कॅम्पवासींना एक विचारायचे होते. बाटलीत आता पावपेक्षा थोडी कमी उरली आहे. ती तशीच ठेवली तर हवेने उतरते असे ऐकतो, ते खरे का?

कॅम्पवासी (बेळगाव)

खरे आहे, पण आठवड्यात नाही, काही महिन्यांत. उरलेली १८० मिलिलिटरच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, फिरकीचे झाकण घट्ट लावून ठेवा. बाटली उभीच ठेवावी, आडवी नव्हे, आणि खिडकीपासून दूर ठेवावी. क्वार्टरच्या रिकाम्या बाटलीला आधीच्या दारूचा वास राहतो, तेव्हा ती गरम पाण्याने दोनदा विसळून, पुरती वाळवून मगच भरा.

अनगोळकर (बेळगाव)

भरली. रविवारचे ग्लास न धुता रात्रभर ओट्यावर राहिले होते. दहा वर्षांच्या ग्लासाला सकाळी गुऱ्हाळाच्या काहिलीसारखा वास येत होता. सौभाग्यवतींनी तो दोनदा हुंगला आणि यात मोहरी नाही एवढे मान्य केले.